वरच्या उजव्या दाढेचं भांडण

प्रमिलाताई,

तुमच्या वरच्या उजव्या दाढेचा निकाल लागायचा राहून गेला आणि तुम्ही निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत. आपल्या दोघींची भांडणं काय कमी झाली? पण एकही भांडण अर्धवट टाकून तुम्ही कधी जेवायला उठला नाहीत. या वेळी मात्र रविवारी सकाळी चहा घेता घेता छातीवर हात ठेवलात आणि कोपऱ्यावरचे डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं. घरात दोन डॉक्टर होत्या, पण दोघी दातांच्या. आपला काय उपयोग झाला?

बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली आहे. लोक येतात, बसतात, तुम्ही किती प्रेमळ होतात ते सांगतात. होतात प्रेमळ, मी कुठे नाही म्हणते. पण त्याच्या आधी तुम्ही हट्टी होतात, आणि चौकस तर इतक्या की समोरच्याला घाम फुटायचा. त्या प्रमिलाताईंबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मला तेच खटकतं आहे, म्हणून आत येऊन लिहायला बसले.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन वर्ध्यात आले, तेव्हा नागपूरला दातांची डॉक्टर होऊन जेमतेम बाहेर पडले होते. तुम्ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आणि घराच्या अंगणाला लागून असलेला दवाखानाही तुमचाच. नणंद ती नणंद, वर तिच्याच हाताखाली काम. माझ्या मैत्रिणींनी माझी आधीच कीव करून ठेवली होती. मी तुमच्याकडून स्वयंपाकाच्या परीक्षेची अपेक्षा करत होते. तुम्ही मला दवाखान्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीशी नेलंत, चिमट्यात वाळत टाकलेली एक एक्स-रेची फिल्म काढलीत आणि खिडकीच्या उजेडात धरलीत.

"हे पाह्य. काय दिसून राह्यलं?"

"वरची दाढ. उजवीकडची."

"अन् मुळं?"

मुळं नव्हती. मुळांच्या जागी पांढरा गोळा होता.

"गालाचं हाड मधे आलं ताई," मी पुस्तकातलं उत्तर दिलं.

"ते तं मलेही मालूम आहे. काऊन आलं, ते सांग."

हळदीचे हात घेऊन मी उभी, आणि तुम्ही मला हे विचारताय. मला तुमचा राग आला. आणि खरं सांगू, त्याच क्षणी मला या घरात करमणार हेही कळलं.

सतरंजीवर बसलेल्यांना हे सगळं सांगायचं, तर आधी दाढ समजावून सांगावी लागते. वरच्या मागच्या दाढेला तीन मुळं. दोन गालाच्या बाजूला, एक टाळूच्या बाजूला. त्यांच्या बाहेरून, जरा वर, गालाचं हाड. एक्स-रेची फिल्म म्हणजे टपालाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी पट्टी, ती तोंडात दाढेच्या आतून धरायची. पण टाळू उतरता, त्यामुळे फिल्म तिरपी पडते. फिल्म तिरपी, म्हणून यंत्रही वरून तिरपं लावायचं. मग गालाच्या हाडाची सावली नेमकी मुळांवर येऊन बसते, आणि जी मुळं दिसतात ती संध्याकाळच्या सावलीसारखी लांबलचक. हे सगळ्या दवाखान्यांत होतं. लोक तेवढ्यावर भागवतात.

तुमचं तेवढ्यावर भागत नव्हतं, कारण तुम्हाला आणखी एक गोष्ट दिसली होती. डावीकडच्या वरच्या दाढांचे फोटो बरे यायचे. उजवीकडचे मात्र बिघडायचे. कधी मुळांची टोकं कापलेली, कधी फिल्म वाकलेली, कधी सगळंच हललेलं. यंत्र तेच, फिल्म तीच, तुम्हीही त्याच. मी म्हटलं, यंत्राचा हात त्या बाजूला ढिला असेल. तुम्ही तो आवळून घेतलात. मग खुर्चीच फिरवून ठेवलीत. काही फरक पडला नाही.

"मग काढून टाका ना दाढ," मी म्हणायची, "फोटोचं कवतिक कशाले?"

माझं गणित सरळ होतं. समुद्रपूरहून माणूस एसटीनं येतो, संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. त्याला आज बरं वाटायला हवं. दाढेवर ठोकलं आणि दुखलं, की काढायची. तुम्ही मान हलवायच्या. "काढलेली दाढ परत लावता येते काय व?"

आणि मग त्या शिक्षिका आल्या, लताबाई, समुद्रपूरच्याच. तुम्हाला आठवतं ना, पदर गालाला दाबून बसल्या होत्या. वरच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा दुसरीकडे कुठे तरी काढून झाल्या होत्या. दुखणं जिथल्या तिथं. आता तिसरी काढून घ्यायला आल्या होत्या. ती गेली की त्या बाजूनं चावायला काहीच उरणार नव्हतं, पण त्यांना त्याची पर्वा नव्हती.

"काढून टाका बाई," त्या म्हणाल्या. "मले वर्गात बोलताही येत नाई. पोरं हसतात."

मी साहित्य मांडलंसुद्धा. तुम्ही फोटो घेतलात, मग आणखी एक, मग आणखी. सगळे बिघडलेले. मुळांचा पत्ता नाही. तुम्ही सरळ सांगितलंत, दाढ काढणार नाही. लताबाई रडायला लागल्या. मी तुम्हाला आतल्या खोलीत गाठलं.

"ताई, तिचा जीव चाललाय अन् तुम्हाला फोटोची पडली आहे."

"दोन उपटल्या, दुखनं गेलं काय? तिसरी उपटून नाई गेलं, तं चवथी उपटशील?"

मी मांडलेलं साहित्य उचलून ठेवलं. तुम्ही लताबाईंना दुखण्याची गोळी दिलीत, पुढच्या आठवड्यात या म्हणालात. मला खात्री होती, ही बाई उद्याच दुसरा दवाखाना गाठणार. ती दाढ राहते की जाते, हे आता तुमच्या त्या वेडावर अवलंबून होतं, आणि मला तुमच्या वेडावर काडीचा भरवसा नव्हता.

तो आठवडा आम्हा सगळ्यांना भोवला. जेवताना तुम्ही पुठ्ठ्याचा तुकडा टाळूला लावून बसायच्या आणि भाजी विसरायच्या. तुमचे भाऊ, म्हणजे माझे हे, कॉलेजात गणित शिकवणारे. त्यांना तुम्ही कंदील, चमचा आणि भिंत घेऊन कामाला लावलंत. चमचा भिंतीला समांतर धरला की सावली खरी पडते, तिरपा धरला की खोटी. हे म्हणाले, "ताई, हे तं पोट्ट्यांनाही समजते." तुम्ही म्हणालात, "समजते ना? मंग तोंडात समांतर कसा धरू ते सांग." त्यांनी चमचा खाली ठेवला आणि वाढून घ्यायला लागले.

मग ती फिल्म आली. कोणाची होती ते विसरले, बाजू उजवीच. मुळांच्या जागी पांढरी सावली. मी नेहमीसारखं "गालाचं हाड" म्हटलं आणि हात धुवायला वळले.

"सुधा, थांब. गालाच्या हाडाले सांधा कुठून आला व?"

मी परत येऊन पाहिलं. दोन लहान हाडं आणि त्यांच्यामध्ये सांधा. ते बोट होतं, ताई! कोणाचं तरी जिवंत बोट, गालावर, यंत्राच्या वाटेत. पण ते तिथं असायचं कारणच नव्हतं. फिल्म धरायची रीत ठरलेली होती. उजवीकडची दाढ असेल तर पेशंटनं डाव्या अंगठ्यानं फिल्म दाबायची, डावीकडची असेल तर उजव्या. हात समोरच्या बाजूनं येतो, म्हणजे यंत्राच्या वाटेत येत नाही. मग हे बोट कुठून आलं?

तुम्ही शेजारच्या केशकर्तनालयातून एक आरसा मागून आणलात आणि कोपऱ्यात तिरपा टांगलात. बटण दाबायला आपण लाकडी आडोशामागे जायचो, तिथून खुर्ची दिसत नसे. आता दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी रोहण्याचे एक शेतकरी काका आले. तुम्ही त्यांना फिल्म लावून दिलीत, डावा अंगठा कसा धरायचा ते समजावलंत. काकांनी मान डोलावली, धरला. आपण दोघी आडोशामागे गेलो आणि आरशात पाहायला लागलो.

काकांनी आपण गेलो त्या दिशेला एकदा पाहिलं. डावा हात तोंडातून काढला, धोतराला पुसला, आणि उजवा हात तोंडात घातला. कोपर वर, बोटं गालावर, यंत्राचं तोंड ढकलून बाजूला. मग शहाण्यासारखे स्थिर बसले.

तुम्ही बटण न दाबताच बाहेर आलात. "काका, हात काऊन बदलला?"

काकांनी फिल्म तोंडातून काढून हातात घेतली आणि ओशाळले. "बाई, डावा हात तोंडात घालू काय? असं कसं सांगता तुमी?"

"मंग मघा हाव काऊन म्हटलं?"

"तुमी डाक्टर हाये. तुमाले तोंडावर नाई म्हणाव काय?"

तुम्ही खुर्चीच्या दांडीला धरून हसलात. मी हसले, काका हसले, आणि फिल्म त्यांच्या हातातून खाली पडली. डावीकडची दाढ असली की उजवा हात तोंडात, सगळं रीतसर. उजवीकडची असली की डावा हात, आणि आपली पाठ वळली रे वळली की अदलाबदल. इतकी वर्षं यंत्राला शिव्या खायला लागल्या. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या मुलखात डाव्या हाताला असा मज्जाव नसावा, म्हणून त्यांच्या हे गावीही नव्हतं. आपल्या तर गावातच होतं, आपल्या ताटावर होतं, आणि तरी आपल्याला दिसलं नाही.

मी म्हटलं, आता पेशंटला दटावून सांगायचं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तू घालतेस डावा हात तोंडात?"

मी नव्हते घालत.

"मीबी नाई घालत. मंग त्यांनीच काऊन घालाव? हात नको तं नको. हाताचं कामच काढून टाकू."

आणि तुम्ही कवळ्या करायच्या त्या गुलाबी मसाल्याचा एक ठोकळा केलात, त्यात फिल्म बसेल अशी खाच पाडलीत. पेशंटनं ठोकळा नुसता चावून धरायचा. पहिले दोन-तीन ठोकळे कोणाच्याच तोंडात मावेनात, त्यातला एक चावून चावून माझा जबडा दुखून आला. मग दाढ आणि फिल्म यांच्यामध्ये तुम्ही कापसाची वळी ठेवलीत. कापसाला आपल्याकडे काय तोटा! वाती वळतो तशा आपण त्या दुपारी वळत बसायचो. वळीमुळे फिल्म टाळूपासून सुटली आणि दाढेसमोर ताठ उभी राहिली. चमचा भिंतीला समांतर झाला, ताई. फिल्म ताठ, म्हणून यंत्र वरून लावायची गरज उरली नाही. यंत्र खाली आलं, आणि गालाच्या हाडाची सावली मुळांवरून सरकून वर गेली. बोटाची भानगड सोडवायला निघालो होतो, हाडाचीही सुटली. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली पहिल्यांदा ती तीन मुळं उमटताना पाहिली, तेव्हा तुम्ही माझा दंड इतका घट्ट धरला होतात की वळ उठला.

पुढे कळलं की मोठ्या शहरांतल्या कॉलेजांत अशा फिल्म धरायच्या वस्तू आधीपासून होत्या. मी हिरमुसले. तुम्ही खूश. "चला, म्हंजे आपून चुकलो नाई."

लताबाई परत आल्या. दुसरीकडे गेल्या नाहीत, का ते मला आजही कळलेलं नाही. ठोकळा तोंडात जाताच त्यांना उमासा आला. तुम्ही म्हणालात, "एक पाय उचला. वर धरा. आता नाकानं श्वास घ्या." पायाकडे लक्ष गेलं की उमासा थांबतो, हे तुम्ही कुठून शोधलंत देव जाणे. यावरून गावात आपली काय थट्टा झाली! बाईच्या दवाखान्यात दाताचा फोटो काढायला लंगडी घालावी लागते म्हणे. पण फोटो आला. तिन्ही मुळं टोकांपर्यंत स्वच्छ, आणि दाढ ठणठणीत. दुखत होती ती दाढेच्या वरची गालातली पोकळी, सर्दीनं भरलेली. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना बरं केलं.

त्या काल येऊन गेल्या. सतरंजीवर बसल्या. मी पोहे पुढे केले तर उजव्या बाजूनं चावत राहिल्या आणि डोळे पुसत राहिल्या.

त्यानंतर आपण भांडायचं थांबवलं असं नाही. यंत्र आणखी मागे न्यायचं, म्हणजे चित्र आणखी रेखीव येईल, हा तुमचा नवा ध्यास. मागे नेलं की वेळ जास्त लागतो, पेशंट हलतो, उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, हे माझं म्हणणं. हे भांडण किती उन्हाळे चाललं! तुम्ही यंत्र मागे सरकवून जायच्या, मी पुढे. ह्यांनी शेवटी फरशीवर खडूनं रेघ मारली. ती आपण दोघींनीही मानली नाही.

आणि मग या हिवाळ्यात तुमचीच दाढ दुखायला लागली. वरची. उजवी. दुसरी कुठली असणार!

फोटो मी घेतला. आपल्या यंत्रावर आजवर आलेला सगळ्यात देखणा फोटो असेल तो. गालाचं हाड दूर वर, गालाकडची दोन्ही मुळं सुईसारखी. टाळूकडचं मूळ मात्र आखूड, बोथट.

"टोक खाल्लं गेलं," तुम्ही म्हणालात. "काढून टाक."

"टोक आहे. दिसून नाई राह्यलं फक्त."

"जन्मभर उपटून राह्यली, अन् माझीच ठेवतेस?"

"मले खात्री नाई, ताई. खात्री नसताना काढायची नाई, हे तुमीच शिकवलं."

तुम्ही हसलात, आणि म्हणालात की सोमवारी दुसऱ्या बाजूनं, यंत्र जरा फिरवून, आणखी एक फोटो घेऊ. मी बरं म्हटलं. माझं बोलणं खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. तुमच्या तोंडात चिमटा घालायला माझा हात धजत नव्हता. हे तेव्हा सांगायचं कसं? आपल्यात असं बोलायची पद्धतच नव्हती. आपण कोन आणि अंतर यांवर बोलायचो. आता बोलते. ताई, मला तुम्ही फार आवडत होतात. लग्न करून मी या घरात आले, पण राहिले ती तुमच्यामुळे. कोणी मला इतके प्रश्न कधी विचारले नव्हते, आणि माझ्या उत्तरांशी इतकी झटापट कोणी केली नव्हती.

सोमवार आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी हे राख सावडायला गेले. आम्ही बायका घरी. परत आले ते अंगणातच थांबले, अस्थींचं मडकं लिंबाच्या फांदीला बांधलं आणि मला बाहेर बोलावलं. डोळे लाल होते. त्यांनी रुमाल सोडून हात पुढे केला.

"घे. याच्यावरून भांडन होतं ना तुमचं? पाहून घे, मंग मी मडक्यात टाकतो."

तुमची दाढ होती. वरचा भाग आगीत फुटून गेला होता, पण मुळं शाबूत होती, खडूसारखी पांढरी आणि हलकी. बाजू ओळखायला मला वेळ लागला नाही. वरची, उजवी. गालाकडची दोन मुळं फोटोत होती तशीच. मग मी तिसरं पाहिलं. टोक होतं, ताई. अखंड होतं. पण ते शेवटाला वळलेलं होतं, गालाकडे, म्हणजे मी यंत्र उभं केलं होतं थेट त्या दिशेला. समोरून येणाऱ्या बैलगाडीची लांबी कळत नाही, तसं झालं होतं. म्हणून ते आखूड दिसलं. ते आखूड दिसतं आहे हे तुमचं खरं होतं, आणि टोक आहे हे माझं खरं होतं. सोमवारी यंत्र फिरवलं असतं तर तेही दिसलं असतं, हे पुन्हा तुमचंच. मग दुखत काय होतं? ते मला माहीत नाही. तो प्रश्न आता मला एकटीला वागवायचा आहे.

हे हात पुढे करून थांबले होते. मी दाढ उन्हात धरली, फिरवून पुन्हा पाहिली, आणि दवाखान्याच्या दाराकडे वळून मोठ्यानं हाक मारली, "ताई, लवकर या, हे पाहा!"